बेघरांची दंडमाफी : होटगी-सोलापूर परिसराच्या संदर्भात एका वादाचा इतिहास

शिक्षेच्या प्रकारांत दंड हा सर्वांत सौम्य प्रकार समजला जातो. देहदंड, हद्दपारी आणि कारावास यांच्या तुलनेने अपराध्याकडून काही द्रव्य घेऊन त्यास मोकळे करणे हे प्रगत शासनाचे लक्षण मानले गेले आहे. परंतु या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत आहे : अपराध्याजवळ द्रव्य आहे, निदान जप्त करण्याजोगी चीजवस्तू आहे, आणि तो उद्या सापडेल असे त्याचे एक ठिकाण आहे. ज्यास घर नाही त्याच्या बाबतीत हे गृहीत कोसळते आणि द्रव्यावर योजलेली शिक्षा अखेर देहावरच येऊन पडते. अशा मनुष्याचा दंड शासनाने माफ करावा की करू नये, हा वाद वरवर पाहता दयेचा व द्रव्याचा दिसतो. त्याचा इतिहास तपासला असता मात्र दर वेळी घराचा प्रश्नच त्याच्या केंद्रस्थानी होता, आणि दर वेळी तोच बाजूला राहिला, असे आढळते.

या इतिहासाच्या अभ्यासास होटगीसारखे स्थळ उपयुक्त आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव मुंबई-रायचूर लोहमार्गावर आहे. १८८० च्या दशकात येथून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा मीटर गेज मार्ग सुरू झाला आणि होटगी हे दोन मापांच्या रुळांचे जंक्शन बनले. रुंद मापाच्या गाडीतून उतरून लहान मापाच्या गाडीत बसण्यासाठी उतारूंना येथे थांबावे लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गदगपर्यंतचा मार्ग रुंद झाल्यावर ही अवस्था संपली. मराठी आणि कन्नड मुलखाच्या सीमेवरील अशा जंक्शनचा आसरा भटक्या मनुष्यास सहज वाटतो. फलाटावर छप्पर असते, पाणी असते आणि गाडीतून दुसऱ्या गावी जाता येते. उलट, याच ठिकाणी त्याची कायद्याशी गाठही अगदी सहज पडते.

विनातिकीट प्रवास, रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश आणि भीक मागणे ही तिन्ही कृत्ये १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या मूळ पाठात दंडनीय आहेत. लबाडीच्या हेतूने विनातिकीट प्रवास केल्यास कलम १३७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले असून, विशेष कारण नसल्यास दंड पाचशे रुपयांहून कमी करू नये असे बंधन आहे. हेतू लबाडीचा नसला तरी कलम १३८ प्रमाणे भाडे व जादा आकार द्यावा लागतो. तो न दिल्यास दंडाधिकारी ती रक्कम दंडाप्रमाणे वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि वसुलीअभावी दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद ठरवू शकतात. ही तरतूद तिकीट विसरलेल्या गृहस्थास आणि फलाटावर राहणाऱ्या अनाथास सारखीच लागू आहे. गृहस्थ पैसे भरून घरी जातो. दुसरा तुरुंगात जातो.

द्रव्यहीनाच्या दंडाचे काय करावे हा प्रश्न आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत प्रथम उपस्थित झाला असे नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दंड देण्यास असमर्थ असलेल्या क्षत्रिय, वैश्य व शूद्र यांनी तो श्रम करून फेडावा आणि ब्राह्मणाने हळूहळू द्यावा, अशी वर्णभेदावर आधारलेली व्यवस्था सांगितली आहे. तीत विषमता उघड आहे; परंतु दंड देता न येणे ही स्वतंत्र विचार करण्याजोगी स्थिती आहे, एवढी जाणीवही तीत आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत दंडाच्या रकमेस ‘गुन्हेगारी’ असा शब्द येतो. त्या काळी अपराधी हा बहुधा कोणत्या तरी गावाचा, जातीचा व वतनाचा घटक असे. त्याच्यासाठी पाटील किंवा गोत बोलू शके. ज्यास गाव नव्हते, त्यास रदबदली करणाराही नव्हता.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने या विषयास निश्चित रूप दिले. कलम ६३ ते ७० यांत दंडाची सर्व व्यवस्था होती. ज्या अपराधास केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्यात दंड न भरल्यास द्यावयाच्या साध्या कैदेची मर्यादा कलम ६७ ने आखली : पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडास दोन महिने, शंभर रुपयांपर्यंत चार महिने, त्याहून अधिक दंडास सहा महिने. हे प्रमाण ३० जून २०२४ पर्यंत अक्षरशः कायम होते. दीडशेहून अधिक वर्षांत रुपयाचे मोल किती घसरले हे सांगावयास नको. तरीही शंभर रुपयांहून अधिक दंड न भरणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने सर्वांत वरच्या पायरीवरचा थकबाकीदार ठरत राहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने या रकमा पाच हजार व दहा हजार रुपयांवर नेल्या, आणि त्यापुढील दंडासाठी कैदेची मर्यादा एक वर्षावर नेली.

दंडाच्या वसुलीचे मार्ग १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. कलम ३८६ प्रमाणे जंगम मालमत्ता जप्त करून विकता येई, किंवा वसुली करण्यास कलेक्टरास कळविता येई. कलम ३८८ मध्ये सवलत होती : नुसत्या दंडाची शिक्षा असल्यास न्यायालय कैद तहकूब ठेवून तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शके. मात्र त्यासाठी जामिनासह किंवा जामिनाविना मुचलका लिहून द्यावा लागे. या तरतुदीत अन्याय्य असे काही नाही. परंतु जप्तीस वस्तू हवी, हप्त्यास मिळकत हवी आणि मुचलक्यास पत्ता हवा. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याच्यापुरती सवलत पुस्तकातच राहते आणि कैद तेवढी उरते.

सोलापुरात या प्रश्नास आणखी एक बाजू होती. १९११ साली सुधारलेला गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई इलाख्यास लागू झाल्यानंतर शहरात तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, कंजारभाट यांसारख्या भटक्या जमातींतील कुटुंबे तीत ठेवली गेली आणि त्यांतील अनेक स्त्री-पुरुष सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामास जाऊ लागले. हजेरी चुकविणे अथवा परवान्यावाचून बाहेर जाणे हाच अपराध होता. म्हणजे एकीकडे भटकणाऱ्यास घर नाही म्हणून संशयित मानावयाचे, आणि दुसरीकडे जे घर द्यावयाचे त्यातून बाहेर पडल्यास शिक्षा करावयाची, असा हा न्याय होता. वसाहतींचे अधिकारी स्टार्ट व त्यांच्या विचाराचे लोक या व्यवस्थेस सुधारणेचे साधन मानीत. टीकाकारांच्या मते ती भिंती नसलेली तुरुंगशाळा होती. प्रांतिक स्वायत्ततेच्या काळात, खेर मंत्रिमंडळ अधिकारावर असता, मुंबई सरकारने कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये तो कायदा रद्द केला. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला.

जन्माने गुन्हेगार ठरविण्याची पद्धत अशी संपली. घर नसण्याबद्दलचा संशय मात्र संपला नाही. १८९८ च्या संहितेतील कलम १०९ अन्वये ज्यास निर्वाहाचे दृश्य साधन नाही, अशा मनुष्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येत असे आणि जामीन न मिळाल्यास त्यास कैदेत ठेवता येत असे. हा भाग १९७३ च्या नव्या संहितेत गाळण्यात आला. दरम्यान मुंबई राज्याने १९४५ च्या भिकारी कायद्याच्या जागी १९५९ चा भीक प्रतिबंध कायदा केला होता. निर्वाहाचे दृश्य साधन नसता सार्वजनिक जागी अशा रीतीने वावरणे की त्यावरून भिकेवर जगत असल्याचे दिसावे, याचाही अंतर्भाव त्याने भीक मागण्याच्या व्याख्येत केला. या कायद्याने पहिल्या वेळी दंड सांगितलेला नाही. एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत स्थानबद्धता, किंवा पुन्हा भीक मागणार नाही अशी खात्री पटल्यास समज देऊन मुचलक्यावर सुटका, असे दोन मार्ग आहेत. भिकाऱ्यास दंड करून उपयोग नाही हे कायदेमंडळाने ओळखले, परंतु त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष सुटकेचा नव्हता.

दंडमाफीच्या विरुद्ध केला जाणारा युक्तिवाद दुर्बल आहे असे समजणे चूक ठरेल. कायदा सर्वांस समान असेल तर दारिद्र्य ही अपराधाची सबब होऊ शकत नाही; एकदा माफीची प्रथा पडली की दंडाचा धाक उरत नाही; आणि कोण खरा बेघर व कोण बतावणी करणारा हे ठरविण्याचे काम न्यायालयावर येऊन पडते, हे तीन आक्षेप वजनदार आहेत. माफीच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर असे की, समान रकमेचा दंड ही समान शिक्षा नव्हे. पाचशे रुपये एकास तासाभराची गैरसोय आणि दुसऱ्यास महिन्याची कैद ठरत असतील, तर विषमता शिक्षेतच आहे. शिवाय अशा मनुष्यास तुरुंगात पोसण्यास शासनास दंडाच्या रकमेहून अधिक खर्च येऊ शकतो, आणि धाकाविषयी बोलावयाचे तर ज्यास रात्र काढावयास दुसरी जागाच नाही, त्यास फलाटावर न झोपण्याचा धाक कसा घालणार?

इतर देशांनी या पेचातून काढलेले मार्ग उद्बोधक आहेत. इंग्लंडात १९१४ च्या कायद्याने दंड भरण्यास मुदत देणे हा नियम ठरविला, आणि दंड न भरल्याने तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या त्यानंतर पुष्कळ घटली. फिनलंडने १९२१ मध्ये व स्वीडनने १९३१ मध्ये ‘दिवस-दंड’ स्वीकारला. तीत न्यायालय प्रथम अपराधाच्या गांभीर्याप्रमाणे दिवस ठरविते आणि मग अपराध्याच्या प्राप्तीप्रमाणे एका दिवसाची रक्कम. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये टेट विरुद्ध शॉर्ट या प्रकरणात केवळ दंडाच्या अपराधात निर्धनतेमुळे दंडाचे रूपांतर कैदेत करणे अवैध ठरविले, आणि १९८३ च्या बेर्डन प्रकरणात न भरण्याचे कारण तपासल्याशिवाय परिवीक्षा रद्द करू नये असे सांगितले. या सर्व मार्गांत माफी शेवटी येते. ऐपतीची चौकशी आधी येते.

भारतातही हा विचार अपरिचित नाही. शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाअभावी होणारी कैद ही मूळ शिक्षा नसून दंड न भरल्याचा परिणाम आहे, हा भेद स्पष्ट केला. अपराध्याची आर्थिक स्थिती लक्षात घेण्याची आवश्यकता सांगून एक लाख रुपयांच्या दंडाअभावीची तीन वर्षांची कैद त्याने सहा महिन्यांवर आणली. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी १९५९ च्या भीक प्रतिबंध कायद्याची अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली; महाराष्ट्रातील कायदा त्या निर्णयाने नाहीसा झाला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आखली. तिच्या २०२३ च्या मूळ नियमांनुसार दोषी ठरलेल्या कैद्याच्या दंडासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत रक्कम जिल्हा समितीच्या मंजुरीने देता येत असे. राज्यपालांस घटनेच्या अनुच्छेद १६१ प्रमाणे शिक्षा माफ करण्याचा अधिकार आहेच.

या योजनेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. दंडमाफीच्या वादात शासनाने प्रथमच आपल्या तिजोरीतून उत्तर दिले आहे. परंतु तिची मांडणी पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते : तिचे साहाय्य मनुष्य तुरुंगात पोहोचल्यानंतर सुरू होते. अर्ज, चौकशी, समितीची बैठक आणि मंजुरी या क्रमास वेळ लागतो. पंचवीस हजारांचा दंड आणि वर्षाची कैद असलेल्याचा त्यामुळे लाभ होईल. दहा दिवस किंवा महिनाभरासाठी आत गेलेला बेघर मनुष्य समिती बसण्यापूर्वीच शिक्षा भोगून बाहेर पडलेला असेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे दोन लाख अकरा हजार लोक बेघर नोंदविले गेले. त्यांच्यावर लागणारे दंड मुख्यतः अशाच लहान रकमांचे असतात.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, दंडमाफी की दंडवसुली, असा जो पर्याय या वादात पुढे ठेवला जातो तो अपुरा आहे. वसाहतीने घर दिले पण त्याचा तुरुंग केला. भिकारी कायद्याने दंड टाळला पण स्थानबद्धता आणली. हप्त्याच्या तरतुदीने मुदत दिली पण तिला मुचलक्याची अट जोडली. नव्या योजनेने पैसे दिले पण तुरुंगाच्या दारातून आत गेल्यावर. चारही उपायांत मनुष्याच्या अवस्थेची चौकशी निकालानंतर आली किंवा आलीच नाही. ती निकालापूर्वी करण्यास नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १३७ मध्येच, निकालपत्रात विशेष व पुरेशी कारणे नमूद करून पाचशे रुपयांहून कमी दंड करण्याची मुभा आहे. आरोपीस घर नाही, मिळकत नाही आणि गाडीखेरीज आसरा नाही, हे कारण विशेषही आहे आणि पुरेसेही. ते निकालपत्रात लिहिले जाऊ लागेल, तर पुष्कळ दंड माफ करण्याची वेळच येणार नाही.