एकाच कृमीचीं दोन नांवें

प्राण्यांचें वर्गीकरण म्हणजे संग्रहालयांतल्या चिठ्ठ्या लावण्यासारखें निरुपद्रवी काम, असें पुष्कळांना वाटतें. परंतु त्यांतली एक चूक माणसाच्या प्रकृतीला किती महाग पडते, हें डुकराच्या मांसावाटें आपल्या आंतड्यांत शिरणाऱ्या पट्टकृमीच्या इतिहासावरून कळतें.

हा कृमि फितीसारखा चपटा आणि कित्येक हात लांब असतो. त्याच्या टांचणीच्या माथ्याएवढ्या डोक्यावर चार चूषक आणि आंकड्यांचीं दोन वलयें असतात. त्याला तोंड नाहीं, आंतडेंही नाहीं. आपण पचविलेलें अन्न तो सर्वांगानें शोषून घेतो. लिनिअसनें १७५८ मध्यें त्याला ‘टीनिया सोलियम’ हें नांव दिलें.

आतां दुसरी बाजू पाहा. डुकराच्या मांसांत कधीं कधीं वाटाण्याएवढ्या, पाण्यानें भरलेल्या पुटी आढळतात. ॲरिस्टॉटललाही त्या ठाऊक होत्या. त्यानें त्यांना गारांची उपमा दिली. पुढें त्या सजीव आहेत असें दिसून आल्यावर त्यांना वेगळें नांव मिळालें. रुडोल्फीनें १८०८ ते १८१० च्या सुमारास कृमींचे पांच गण पाडले; त्यांत पट्टकृमींचा गण एक आणि पुटीकृमींचा निराळा! वास्तविक १७८४ मध्येंच गोत्से नांवाच्या जर्मन धर्मोपदेशकानें पुटींत दडलेलें डोकें आणि पट्टकृमीचें डोकें ह्यांतलें साम्य दाखविलें होतें. पण कृमि शरीरांत आपोआप उत्पन्न होतात, ही समजूत तेव्हां प्रबळ होती. जो आपोआप उपजतो, त्याच्या येण्याची वाट कोण शोधणार आणि कोण अडविणार?

हें कोडें सोडविण्याचें श्रेय मुख्यतः सॅक्सनींतील फ्रीड्रिख क्यूखनमायस्टर ह्या डॉक्टरास आहे. १८५१ पासून त्यानें सशांच्या शरीरांतील पुटी कुत्र्यांना खाऊं घातल्या, आणि कुत्र्यांच्या आंतड्यांत पट्टकृमि वाढले. बेल्जममध्यें व्हॅन बेनेडेन ह्यानें १८५३ मध्यें उलट दिशेनें जाऊन डुकराला कृमीचीं अंडीं चारलीं. डुकराच्या अंगांत पुटी झाल्या. राहिला तो माणूस. १८५५ मध्यें क्यूखनमायस्टरनें देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या अन्नांत शेवटच्या तीन दिवसांत पुटी मिसळल्या. शवविच्छेदनांत त्याच्या आंतड्यांत दहा लहान पट्टकृमि सांपडले. दोन गण एक झाले.

ह्या प्रयोगावर त्याच काळीं कठोर टीका झाली, आणि ती यथार्थ होती. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाचें शरीरही त्याचेंच असतें. तथापि त्या ज्ञानाचा लाभ तेव्हांपासून सर्व जग घेत आहे. म्हणून त्या अनामिक कैद्याचें ऋण आपण विसरूं नये.

आज हा प्राणी चपट्या कृमींच्या संघांतील पट्टकृमींच्या वर्गांत मोडतो, आणि त्याची जीवनयात्रा स्पष्ट झाली आहे. कृमीचे पक्व खंड माणसाच्या विष्ठेबरोबर बाहेर पडतात. एका खंडांत हजारों अंडीं असतात. तीं डुकराच्या पोटांत गेलीं कीं त्यांतले गर्भ आंतड्याची भिंत भेदून रक्तावाटें स्नायूंत जातात व तेथें पुटी बनतात. असें मांस अर्धकच्चें खाल्लें कीं पुटींतलें डोकें बाहेर येऊन आंतड्याला चिकटतें, आणि सुमारें दोन महिन्यांत पूर्ण कृमि तयार होतो.

‘आम्ही मांसाला शिवतही नाहीं,’ असें म्हणून कोणी निश्चिंत होऊं नये. दूषित पाण्यांतून, कच्च्या भाजीपाल्यावरून किंवा न धुतलेल्या हातांवरून अंडीं पोटांत गेलीं, तर माणूस डुकराची जागा घेतो. मग पुटी त्याच्याच स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूंतही होतात. मेंदूंतील पुटींमुळें अपस्मारासारखे झटके येतात. १९६१ मध्यें डिक्सन आणि लिप्सकोम ह्यांनीं अशा ४५० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले बहुतेक हिंदुस्थानांत नोकरी केलेले ब्रिटिश सैनिक होते. आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांतही हा रोग आढळतो.

म्हणजे डुकराला दोष देऊन आपली सुटका नाहीं. त्याला ही बाधा माणसाच्या विष्ठेंतून होते. मांस नीट शिजविणें आणि तपासून घेणें हा अर्धा उपाय. प्रत्येक घराला शौचकूप आणि स्वच्छ पाणी मिळणें हा उरलेला अर्धा. कृमीचीं दोन नांवें एक करावयास शास्त्राला शतक लागलें. उपायाचे दोन अर्ध एकत्र आणणें मात्र आपल्या हातीं आहे.