खाडीतला चकचकीत साप ओळखायचा कसा?

ठाणे खाडीपासून गोराईपर्यंत तिवरांच्या चिखलात चिंबोऱ्या धरणाऱ्यांनी 'ग्लॉसी मार्श स्नेक' माहीत करून घ्यायला हवा. मुंबईच्या किनाऱ्यावर त्याच्या नोंदी आहेत, पण थोड्याच. लांबी जेमतेम दीड फूट. वरून काळपट करडा, खवले गुळगुळीत अन् चकाकणारे, अंगावर नक्षी नाही. वरचा ओठ आणि पोटाकडची कड फिकट पिवळसर.

खाडीत नेहमी दिसणारा कुत्र्यासारख्या तोंडाचा पाणसाप वेगळा. त्याचे खवले खरखरीत, अंगावर काळपट आडवे पट्टे, आणि तो मासे खातो. हा मात्र नुकतीच कात टाकलेली मऊ चिंबोरी धरतो, वेटोळ्यातून ओढून तिचे तुकडे करतो आणि मग खातो. साप भक्ष्य अख्खंच गिळतात, म्हणून हे नवलच. सिंगापूरच्या सापांवर अभ्यासकांनी २००२ मध्ये ते दाखवून दिलं.

दोघांचंही विष माणसाला घातक नाही. पण शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसाप, जहाल विषारी! जाळ्यात अडकला तरी हातानं सोडवू नका. चावला आणि ओळख पटत नसेल तर थेट दवाखाना गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. घरात शिरला तर वनविभागाचा १९२६ नंबर लावा.