चाकं मिळाली, जागेचं काय?

वाढदिवसाला चिरंजीवांनी चाकांचे बूट मागितले. मी बी. कॉम. असूनही फक्त बुटांची किंमत पाहिली. जागेचा हिशेब धरायचाच राहिला. एका रांगेत चार चाकं असलेले ते बूट घरात आले आणि मग कळलं, की त्यांना पायांपेक्षा फरशी जास्त लागते. गच्चीवर गेलं की खालच्या मजल्यावरचे ओरडतात, रस्त्यावर रिक्षावाले, पार्किंगमध्ये सेक्रेटरी. आमची ही तर कुणी ओरडायच्या आधीच ओरडते.

आता, मी पडलो कारकून. अडलं की जुनं लेजर उघडायचं, ही आमची रीत. उघडलं, तर पहिलीच नोंद नुकसानीची!

आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेला जॉन जोसेफ मर्लिन हा वाद्यं आणि यंत्रं बनवणारा कारागीर 1760 मध्ये लंडनला आला. तिथल्या सोहो चौकात कार्लाइल हाउसमध्ये मिसेस कॉर्नेलिस नावाच्या बाई बड्या लोकांसाठी मुखवट्यांचे जलसे भरवत. अशाच एका जलशात हे गृहस्थ चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत अवतरले, असं सांगतात. फरशी गुळगुळीत, गर्दी खानदानी, सगळं झकास. फक्त बुटांना ना थांबायची सोय, ना वळायची. आणि समोर पाचशे पौंडांहून जास्त किमतीचा आरसा! आरसा फुटला, व्हायोलिनचा चुरा झाला, मर्लिनला जबर लागलं. वाचताना मला, बँकेच्या सवयीनं, आधी आरशाचंच वाईट वाटलं.

पुढच्या नोंदीही परक्याच्या जागेच्याच. 1849 साली पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या 'ल प्रोफेत'मध्ये बर्फावर घसरणारी माणसं दाखवायची होती. रंगमंचावर बर्फ कुठून आणणार? नटांच्या पायांना चाकं लावली. मग न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्टननं 1863 मध्ये अंग कलवलं की वळणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं आणि 1866 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावी अटलांटिक हाउस या हॉटेलचं जेवणघर चाकांसाठी मोकळं केलं. टेबलं बाहेर, पाहुणे चाकांवर! (आमच्या हॉलमधलं टेबल हलवावं, असं मी सुचवून पाहिलं. दोन दिवस चहा बिनसाखरेचा मिळाला.) त्याच ऱ्होड आयलंडमध्ये 1995 साली पहिले एक्स्ट्रीम गेम्स भरले आणि त्यात एका रांगेतल्या चाकांवरच्या कसरतीही होत्या. जेवणघरातून मैदानात यायला एकशे एकोणतीस वर्षं लागली म्हणायची. म्हणजे आमचे सेक्रेटरी तसे घाईचेच गृहस्थ.

या रांगेतल्या चाकांचा नवा अवतारही जागेच्या अडचणीतूनच आला. मिनियापोलिसच्या स्कॉट ओल्सन या तरुणाला उन्हाळ्यात आइस हॉकीचा सराव करायचा होता. बर्फ नाही, म्हणून त्यानं 1980 च्या सुमारास भावाच्या मदतीनं जुन्या धर्तीचे बूट सुधारून घेतले.

पण मला खरी आवडली ती लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलची हकीकत. 1967 मध्ये उघडलेल्या या संगीतसभागृहाच्या खाली खांब आणि उतार असलेली जागा मोकळीच राहिली होती. सत्तरीच्या दशकात पोरांनी फळीला चाकं लावून ती गाठली. वर वाद्यवृंद, खाली खडखडाट! 2013 मध्ये तिथे दुकानं काढायचा बेत निघाला. पोरं हटली नाहीत आणि 2014 मध्ये तडजोड होऊन जागा त्यांच्याकडेच राहिली.

हे सगळं मी ऐटीत सांगणार, तेवढ्यात पार्किंगमधून खळ्ळकन आवाज आला. धावत खाली गेलो. चिरंजीव एका मोटारीला टेकून उभे, मोटारीचा आरसा जमिनीवर. मी आरसा उचलला आणि विचारलं, "केवढ्याचा असेल रे हा?"

"बाबा," तो म्हणाला, "माझ्या कोपरातून रक्त येतंय."

त्या दिवशी आरशाचे पैसे मुकाट्यानं भरले. मनगटाची आणि कोपराची कवचं आणि शिरस्त्राणही आणलं. ते बुटांबरोबरच आणायला हवं होतं. मग सेक्रेटरींच्या दारात उभा राहिलो. मोटारी हलवून जागा मोकळी करायची जबाबदारी माझी, या अटीवर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेसात मंजूर झाले.

आता दर रविवारी सहा वाजता मी पार्किंग झाडतो. त्या चाकांना वाळूचा एक खडाही पुरतो. परवा सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "तिकडे खांबामागे राहिलंय बघा."