टांग्याच्या घोड्याची पाठ

तुमसर रोड स्टेशन तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. गाडीतून उतरलं की गावात यायला तेव्हा टांगा असायचा. टांगा दोन चाकांचा. सवाऱ्या पुढं जास्त बसल्या की दांड्यांचा भार खोगिरातून थेट घोड्याच्या पाठीवर येतो. आमच्या शेजारच्या टांगेवाल्या काकांच्या घोड्याची पाठ अशीच सोलली. जखम भरली, पण घोडा मान ताठ आणि पाठ खोल पाडून चालायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरलं होतं.

"जखम सुकली म्हणून घोडा बरा नाही होत, बापा," काका म्हणत. जखमी जनावर जुंपायला १९६०च्या कायद्यानं मनाई केली. पाठ पुन्हा भरेपर्यंत टांगेवाल्याची चूल कशी पेटावी, ते मात्र त्यात नाही. काकूंनी ते महिने धान निंदा-कापायला जाऊन काढले.

काकांनी चारा गव्हाणीतून काढून जमिनीवर टाकला. मान खाली गेली की मानेवरचा दोर ताणतो अन् पाठ वर उचलते. धान कापून झाल्यावर रोज सकाळी घोडा रिकामाच, हाती धरून, बांध्यांतून हळू चालवायचा. धुरा ओलांडताना पाय उचलावा लागतो, पोट आवळतं, आणि पाठ पोटाच्याच आधारावर राहते.

शिमग्यापर्यंत मांस भरलं. पहिल्या खेपेला काकांनी दोनच सवाऱ्या घेतल्या, त्याही मागं.