नजराणा, अंतस्थ आणि लाच : उत्तर पेशवाईतील धारणांचा विचार

प्रस्तावना :
कोणत्या देवघेवीस भेट म्हणावे व कोणतीस लाच, याची सीमारेषा त्या त्या समाजाची संस्कृती आखीत असते. मात्र एवढ्यावरून आपल्या समाजास लाच कधी गैर वाटलीच नाही, असे म्हणणे इतिहासास धरून होत नाही. उत्तर पेशवाईतील महसूल व न्यायव्यवस्थेच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

हरकी व नजराणा :
पेशवाईत दावा जिंकणाऱ्याकडून 'हरकी' व हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' घेतली जाई. सरंजामाच्या वारसास मान्यता देताना नजराणा घेण्याची रीत होती. न्यायाबद्दल पैसे घेणे आज आपणांस खटकेल. परंतु ही रक्कम उघडपणे घेतली जाई व ती सरकारी उत्पन्नाची बाब होती. म्हणून ती लाच ठरत नसे. दुसरीकडे, याज्ञवल्क्यस्मृतीने उत्कोच घेणाऱ्या अधिकाऱ्याचे द्रव्य हरण करून त्यास देशाबाहेर घालविण्यास सांगितले आहे. म्हणजेच लाचेची कल्पना व तिचा निषेध दोन्ही परंपरेत होते.

अंतस्थाची वाटचाल :
माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात 'दरबार खर्च' अथवा 'अंतस्थ' या बाबीची हकीकत दिली आहे. मूळात ही मंत्री व हिशेब तपासनीस यांस गुप्तपणे दिलेली लाच होती. पुढे तिचे रूपांतर ठराविक दस्तुरीत झाले व इतर खर्चाप्रमाणे तिचीही तपासणी होऊ लागली. परंतु गुप्त लाचेची गरज संपली नाही. त्यासाठी वसुली पुन्हा वाढविण्यात आली. या नाजूक व्यवहाराची बारकाईने चौकशी होत नसल्याने मामलेदार वरिष्ठांपेक्षा स्वतःसाठीच अधिक वसूल करीत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्यावर हा भार अधिकच वाढला.

कंपनीचा अनुभव :
हा अहवाल लिहिणाऱ्याची कंपनीही या दोषापासून मुक्त नव्हती. प्लासीच्या लढाईनंतर (१७५७) क्लाइव्हने सुमारे २,३४,००० पौंड भेटीदाखल स्वीकारले. १७७३ च्या नियामक कायद्याने अशा भेटींस बंदी घातली. भेटी स्वीकारल्याचा आरोपही ज्यात होता, तो वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ ते १७९५ चालून निर्दोष सुटकेत संपला. इंग्रजांचीही सीमारेषा याच काळात, वादविवादांतून, नव्याने आखली जात होती.

निष्कर्ष :
अंतस्थाचा इतिहास असे दाखवितो की, रूढी ही नेहमी अनादी नसते. गुप्त गैरव्यवहार हिशेबात शिरला की तोच रिवाज बनतो. या रिवाजास मान्यता देणारे लोक त्यात वाटेकरी होते. भार सोसणाऱ्या रयतेची संमती कोणी घेतली नव्हती. म्हणून भ्रष्टाचाराचे स्पष्टीकरण देताना संस्कृतीचा आधार घ्यावयाचा असेल, तर ती संस्कृती देणाऱ्याची की घेणाऱ्याची, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.