सात जणांची समिती

मूत्रपिंडाचा जुनाट विकार चोरपावलांनी येतो. बहुतेक शक्ती सरते तेव्हा कोठे रोग्याला जाग येते. हॉलंडच्या कोल्फने १९४३ मध्ये सेलोफेनच्या नळीतून रक्त शुद्ध करणारे यंत्र चालविले खरे. पण दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि त्या का अमाप असतात? तेव्हा यंत्राचा उपयोग तात्पुरत्या बिघाडापुरताच. जुनाट रोग्याला आज वाचविले, तरी पुढल्या आठवड्याचे काय?

ही अडचण अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या स्क्रिब्नरने १९६० मध्ये सोडविली. हाताच्या धमनीत व शिरेत टेफ्लॉनच्या नळ्या बसवून त्याने त्या तशाच राहू दिल्या. त्याचा पहिला रोगी पुढे ११ वर्षे जगला!

आता यंत्रे थोडी, रोगी फार. १९६२ मध्ये तेथे केंद्र उघडले. डॉक्टरांनी पारखलेल्या रोग्यांतून कोणाला घ्यावयाचे, हे सात जणांची समिती ठरवी. तीत वकील, धर्मोपदेशक, गृहिणी अशी माणसे, नावे गुप्त. रोग्याची कमाई, मुलेबाळे, चर्चमधील वावरही पाहिला जाई. आम्हांस या सात जणांचा राग येत नाही. चीड येते ती त्यांना न्यायासनावर बसविणाऱ्या टंचाईची. अमेरिकी सरकारने बहुतेक रोग्यांचा खर्च उचलण्याचा कायदा केला, तो १९७२ मध्ये.