गावचे घर आणि सरकारची तिजोरी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सगळ्यांच्या तोंडी आहे. घर बांधताना धडधाकट माणूसही कसा मेटाकुटीला येतो, हे तिने नेमके ओळखले आहे. पण वाचकहो, ही म्हण आहे ती ज्याच्यापाशी बांधायला जागा आहे त्याची. ज्याला पाय रोवायला चार हात जमीन नाही, त्याने काय बांधून पाहावे? खेड्यातल्या घरासाठी सरकारने पैसा द्यावा की नाही, हा वाद नेहमी विटा आणि सिमेंटपाशी सुरू होतो. इतिहास पाहिला तर तो जागेपाशी सुरू करावा लागतो.

आपल्या जुन्या गावाचे दोन भाग मानलेले असत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. ज्याचा गावात हक्क त्याला पांढरीत जागा. पाटील, कुळकर्णी, मिरासदार, बलुतेदार यांची घरे अशी पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. काही जातींना मात्र गावकुसाबाहेर राहावे लागे, आणि पुष्कळसे शेतमजूर मालकाच्या बांधावर किंवा त्याने दाखवलेल्या तुकड्यावर कुडाची खोपटी घालून राहत. खोपटे मजुराचे, खालची जमीन मालकाची. आता विचार करा. असा मजूर मजुरी वाढवून मागेल काय? मालकाविरुद्ध साक्ष देईल काय? मालक एवढेच म्हणाला, की "उद्या खोपटे उचल", तर त्याने बायकामुले घेऊन जावे कोठे? घराचा प्रश्न हा असा माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असतो.

हे ओळखूनच मुंबई इलाख्यातल्या १९४८ च्या कुळकायद्यात राहत्या घरासंबंधी वेगळी कलमे घातली गेली. कुळाने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला हुसकून लावता येणार नाही, आणि मालक ती जागा विकणार असेल तर विकत घेण्याचा पहिला हक्क कुळाचा, असे ठरले. शेतमजूर आणि कारागीर यांच्या घरांनाही हे संरक्षण मिळाले. कायदा चांगला होता. पण त्याने छप्पर काही शाकारले जात नव्हते. छपराला पैसा लागतो.

सरकारला घरे बांधणे जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा १९६० पर्यंत जवळजवळ ५ लक्ष कुटुंबांना, मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात, सरकारने निवारा दिला. दिल्लीजवळच्या फरिदाबादेत तर निर्वासितांनी स्वतः गवंडीकाम शिकून आपली वस्ती उभी केली. तंबूत राहणारा निर्वासित साऱ्या देशाला दिसत होता. पावसाळ्यात खचणारी खेड्यातली भिंत मात्र कोणाला दिसत नव्हती, कारण ती दरवर्षीच खचत होती.

१९५७ साली सामूहिक विकासाच्या चळवळीचा भाग म्हणून खेड्यातल्या घरांसाठी एक योजना निघाली. तिच्यात व्यक्तीला किंवा सहकारी संस्थेला घरामागे जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळे. आणि फळ काय? १९८० पर्यंत, म्हणजे तब्बल तेवीस वर्षांत, साऱ्या भारतात या योजनेखाली घरे झाली ६७,०००. आपल्या देशात खेडी साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे दर आठ खेड्यांमागे जेमतेम एक घर!

असे का झाले? कारण अगदी साधे आहे. कर्जाला तारण लागते, आणि ज्याच्या नावावर जागा नाही त्याने तारण ठेवावे काय? शिवाय विहिरीसाठी कर्ज काढले तर विहीर पीक देते, बैलासाठी काढले तर बैल नांगर ओढतो. घर पैसा मिळवून देत नाही. भूमिहीन मजुराने कर्जाचा हप्ता द्यायचा तो पोटाला चिमटा घेऊनच. तेव्हा ज्यांना घराची गरज सर्वांत अधिक, नेमके तेच या योजनेबाहेर राहिले. 'फुकट दिले की किंमत राहत नाही', असे म्हणणाऱ्या मंडळींनी हा ६७,००० चा आकडा एकदा डोळ्यांसमोर ठेवावा. कर्जाचा प्रयोग देशाने मनापासून करून पाहिला आहे.

आता जरा केरळात जाऊ, कारण जागेपासून आरंभ केला म्हणजे काय होते हे तेथे दिसते. मालकाच्या जमिनीवर झोपडी घालून राहणाऱ्यांना तेथे 'कुडिकिडप्पुकार' म्हणत. १९७० च्या आरंभी अमलात आलेल्या जमीनसुधारणेने त्यांना पंचायत हद्दीत झोपडीभोवतीची १० सेंट, म्हणजे आपले ४ गुंठे, जमीन बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किमतीत विकत घेण्याचा हक्क दिला. मागोमाग १९७२ साली अच्युत मेनन मुख्यमंत्री असताना 'एक लाख घरे' ही योजना आली. एम. एन. गोविंदन् नायर हे तिचे सूत्रधार. ज्यांना ती चार गुंठेही नव्हती, त्यांच्यासाठी पंचायतीगणिक सुमारे शंभर घरे बांधायची, असा हिशेब होता. जागा आणि पैसा यांची सांगड पडली, आणि काम वेगाने उभे राहिले.

पण दोषही सांगितला पाहिजे. त्यांतली पुष्कळ घरे जोडघरे होती, दोन कुटुंबांत मधली भिंत एकच. पुढे एकाला घर वाढवायचे वा पाडून नवे बांधायचे झाले, की दुसऱ्याची अडचण. राहणाऱ्याला विचारून आराखडा केला असता, तर ही भिंत कदाचित उठलीच नसती. याच अच्युत मेननांनी पुढे १९८५ मध्ये, लॉरी बेकर आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्यासह, स्वस्त आणि टिकाऊ बांधकामाचा प्रसार करणारी 'कॉस्टफोर्ड' ही संस्था काढली. विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची आणि सुमारे चौथा हिस्सा विटा वाचवायच्या, ही बेकरांची आवडती पद्धत. घर राहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे असावे, हा त्यांचा आग्रह.

त्याच वर्षी, १९८५ मध्ये, केंद्र सरकारने ग्रामीण रोजगाराच्या पैशातला एक वाटा अनुसूचित जातिजमातींच्या आणि वेठबिगारीतून सुटलेल्या मजुरांच्या घरांसाठी राखून ठेवला. हीच इंदिरा आवास योजना. १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. मदत कर्जाची नव्हती, अनुदानाची होती. ठेकेदार आणू नये, घर कुटुंबाने स्वतः बांधावे आणि ते बाईच्या किंवा नवराबायकोच्या जोड नावावर असावे, असा नियम होता. नियम सगळीकडे पाळला गेला असे नाही, पण वीसपंचवीस वर्षांच्या हट्टानंतर दिशा बदलली, ही गोष्ट मोठी आहे.

आपल्या महाराष्ट्राला हा धडा फार महागात शिकावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादकडची गावे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे ८,००० माणसे गेली. तिथली घरे जाड दगडी भिंतींची, पण दगड जोडलेले मातीत. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. गळू नये म्हणून दरसाल मातीचा थर वाढे आणि छप्पर अधिकाधिक जड होई. पिढ्यान् पिढ्या ज्या छपराने ऊन अडवले, तेच अंगावर आले. गावची माती आणि गावचे हात हवेतच. पण दगडाला दगड कसा बांधावा, छप्पर हलके कसे करावे, हे ज्ञानही गावापर्यंत पोचले पाहिजे. एकट्या शेतकऱ्याने ते कोठून आणावे?

जागतिक बँकेच्या साहाय्याने सरकारने मोठे पुनर्वसन हाती घेतले. ५२ गावे संपूर्ण नव्या जागी वसवली. नवी घरे तीन मापांची होती: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, आणि मोठ्या जमीनदाराला ७५०. माप ठरले ते जमिनीवरून. घरात माणसे किती, हे कोणी मोजले नाही! शहरी धर्तीच्या सरळ रांगा आल्या, पण वाड्याचे अंगण गेले, गुरांची जागा गेली. लोकांनी मग हळूहळू भिंती घातल्या, पत्रे टाकले, गोठे काढले.

याच कार्यक्रमात दुसरे एक काम झाले, त्याची चर्चा कमी होते. ज्या गावांचे नुकसान कमी होते, तेथे सुमारे २ लक्ष घरांची दुरुस्ती आणि मजबुती जागच्या जागी करायची होती. पैसा टप्प्याटप्प्याने घरधन्याच्या हाती, सल्ला इंजिनिअरचा, आणि गवंडी त्याने ठरवावा. गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' नेमून सरकार आणि घर यांच्यामध्ये उभे केले. खर्च सरकारचा, पण घर घरधन्याचेच राहिले. मला विचाराल, तर किल्लारीपासून घ्यायचे ते हेच.

२०१६ मध्ये इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर जागेचे घर, असे ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील पाच वर्षांत आणखी २ कोटी घरे बांधण्याचा निर्णय झाला; पण योजनेतली घरामागची मदत तेवढीच ठेवली, १ लाख २० हजार. आठ वर्षांत वाळू, सळई आणि मजुरी कोठल्या कोठे गेली, ते कोणत्याही गवंड्याला विचारावे. मध्ये जी तूट पडते, ती गरीब माणूस सावकाराकडून भरून काढतो. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर घालवलेले कर्ज मागच्या दाराने घरात येते, तेही अधिक व्याजाने.

तेव्हा वाचकहो, मागणे काय आहे, ते साध्या शब्दांत मांडतो. घराच्या यादीआधी बेघरांच्या जागेची यादी व्हावी, आणि लागेल तेथे सरकारने गावठाण वाढवावे वा जागा विकत घेऊन द्यावी. मदत अनुदानाचीच असावी आणि तिची रक्कम दरसाल भावाप्रमाणे ठरावी. आराखडा राहणाऱ्याने निवडावा, आणि गवंडी तयार करण्यावर सरकारने सढळ हाताने खर्च करावा. आपल्या गावी पुढची ग्रामसभा भरेल, तेव्हा घरकुलाच्या यादीतले किती जण जागेअभावी अडले आहेत, एवढे उभे राहून अवश्य विचारा. त्या नावांपैकी कोणी आज कोणाच्या बांधावर राहत आहे, हेही त्याच बैठकीत कळेल.